डाव्या पायाचं काम

ऑक्टोबर लागला की आमच्या गावाबाहेर मक्याची कापणी सुरू होते. घराएवढी यंत्रं शेतात उतरतात आणि संध्याकाळी रस्त्यावर पिवळट धूळ तरंगत राहते. अमेरिकेतल्या या डब्लिनमधल्या आमच्या वस्तीत सगळी घरं एका साच्यातली, सगळी हिरवळ एका उंचीची. पण गाडीने थोडं वायव्येला गेलं की ओहायो पुन्हा शेतकऱ्यांचं होतं. काच खाली केली तर वाळलेल्या ताटांचा वास आत येतो. हा वास उसाच्या पाचटासारखा आहे, असं मीनल म्हणायची. ती कोल्हापूरकडची. मी पुण्याचा, मला पाचटाचा वास कुठून ठाऊक असणार! मी मान डोलवायचो.

यंदाही धूळ उठली आहे, आणि मला तो ऋतू आठवतोय. सगळ्यांनी नको म्हटलेलं असताना माझ्या बायकोने गिअरची एक जुनी सेडान घेतली होती, आणि मका कापायला घेतल्यापासून बर्फासाठी रस्त्यावर मीठ पडायच्या दिवसांपर्यंत ती हट्टाने चालवली होती.

सुरुवात चपलेपासून झाली. त्या उन्हाळ्यात मीनलच्या डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली. किराणा दुकानातून बाहेर पडताना, कुणाच्या घरी जिना चढताना, चप्पल मागे आणि ही पुढे. मी मागून म्हणायचो, "बाईसाहेब, आपलं काहीतरी पडलं." ती हसून परत यायची. मग एकदा सपाट फुटपाथवर ती पडली. पावलाचा पुढचा भाग उचललाच जात नव्हता. आधी मणक्याच्या डॉक्टरांकडे गेलो, तिथून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे. ऑगस्टच्या शेवटी ज्या डॉक्टरीणबाईंसमोर बसलो, त्यांनी तोंड उघडायच्या आधी टिश्यूचा डबा आमच्याकडे सरकवला. "तो डबा बघूनच मला निम्मं कळलं," असं मीनल नंतर म्हणाली.

उरलेलं निम्मं असं होतं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरणार. आधी पाय, मग हात, मग जीभ, मग श्वास. क्रम थोडा इकडेतिकडे होऊ शकतो. डोकं शाबूत राहणार, स्पर्श कळणार, डोळे हलणार. औषध होतं, पण ते थोडं लांबवण्यापुरतं.

पार्किंग लॉटमध्ये आल्यावर तिने हात पुढे केला. "किल्ली दे."

"मीनल, आज मी—"

"दे की."

आमच्याकडे तेव्हा एक मोठी एसयूव्ही होती, ऑटोमॅटिक. ती चालवत होती. एका सिग्नलला थांबल्यावर तिने खाली बघितलं आणि डाव्या मांडीवर हलकी चापट मारली. "हा बघ. नुसता बसलाय. ह्या गाडीत ह्याला कामच नाही."

मीनलचे वडील साखर कारखान्यात शेतकी अधिकारी होते. कारखान्याची जीप असायची. उसाच्या फडांमधल्या गाडीवाटांवर, चाकोरीच्या खोल खाचांमधून, ती कॉलेजात जायच्या आधीच जीप चालवायला शिकली होती. लग्न ठरवताना मला हे कुणी सांगितलं नव्हतं. लग्नानंतर गगनबावड्याच्या घाटात तिच्या मामांची गाडी ती चालवत होती आणि मी शेजारी बसलो होतो, तेव्हा कळलं. मी स्वतः तोवर फक्त मोटारसायकल चालवली होती. चारचाकी मी अमेरिकेत शिकलो, तीही ऑटोमॅटिक. म्हणजे आमच्या घरात गिअरची गाडी येणारं माणूस एकच होतं, आणि ते माणूस इथे आल्यापासून पंचवीस-एक वर्षं एका पायाने गाडी चालवत होतं. किराणा, शाळा, पोहण्याचा क्लास, ऑफिस. कधी तक्रार केली नाही. मजा येत नाही, एवढंच एकदा म्हणाली होती.

त्या सप्टेंबरात एसयूव्हीची लीज संपत होती. मी कामाला लागलो. माणसाला दुःख झालं की तो आपल्याला जमतं ते करतो. मला तक्ते करून तुलना करता येते. कुठली गाडी आपोआप ब्रेक मारते, कुठली लेन सोडू देत नाही, कुठली स्वतः पार्क होते. आमचे शेजारी प्रसाद आणि स्मिता एका संध्याकाळी मुद्दाम आले. प्रसाद नागपूरचा, मनाने फार मोकळा माणूस. त्याने नुकतीच नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली होती.

"वहिनी, थोडं प्रॅक्टिकल व्हा यार," तो म्हणाला. "आता टेक्नॉलॉजी कुठल्या कुठे गेली आहे. आमची गाडी बघा, हायवेवर तर हात सोडले तरी चालते."

मीनल शांतपणे म्हणाली, "हात सुटणारच आहेत, प्रसाद. त्यासाठी गाडी कशाला घ्यायची?"

स्मिताने चहाचे कप उचलले आणि ती आत गेली. 

तरी मी तिला एका शोरूममध्ये नेलं. तिथला तरुण सेल्समन उत्साही होता. गाडीत समोर या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेचा पडदा, सीट पाठ चेपून देत होती, स्टिअरिंग गरम होत होतं. चालकाचं लक्ष उडालं तर गाडीला कळायचं. तो सांगत राहिला आणि मीनलने सगळं ऐकून घेतलं. शेवटी तिने इंग्रजीत विचारलं, "हे सगळं बंद करता येतं का?" तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

परत येताना तिने मला समजावलं. ती भाषणं करणारी बाई नव्हती, म्हणून तिचे शब्द लक्षात राहिले. "अरे, वर्षभरात माझं सगळं दुसरं कुणीतरी करणार आहे. उठवणं, भरवणं, अंघोळ. मला माहितीये. पण आज हा पाय खाली दाबता येतोय. वर उचलत नाही, पण दाबता येतोय. जोवर येतोय तोवर त्याला काम दे. मला गिअरची गाडी हवीये."

मी म्हणालो, "डावा पाय गेलेल्या माणसाने क्लचची गाडी घ्यायची?"

"गेलेला नाही अजून," ती म्हणाली.

हॉस्पिटलने तिला गाडी चालवण्याच्या चाचणीला पाठवलं. तिथल्या बाईंनी पायाला प्लास्टिकची पट्टी बांधून तिला चालवायला लावलं, गिअरच्या गाडीवरसुद्धा, आणि तूर्त परवानगी दिली. अट एकच. जरा फरक जाणवला की थांबायचं, पुढच्या तपासणीची वाट बघायची नाही. मीनलने त्यांना शब्द दिला.

गाडी आम्हाला प्लेन सिटी गावाच्या पलीकडे एका निवृत्त शिक्षकाच्या गॅरेजमध्ये मिळाली. राखाडी-निळी, चार दारांची, बसकी. आत पडदा नाही, मागचं दाखवणारा कॅमेरा नाही. सीडी प्लेअर, हाताने ओढायचा हँडब्रेक, आणि गिअरच्या मुठीवरचं कातडं एका बाजूने झिजून गुळगुळीत झालेलं. त्या गृहस्थांनी प्रामाणिकपणे सांगितलं, हिच्यात काहीच नाही हो, नवी का नाही घेत? मीनल तोवर आत बसली होती. इंजिन चालू करून तिने डोळे मिटले. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि सगळे तक्ते विसरलो.

मग आला तो ऑक्टोबर. आम्ही दोघंही घरून काम करायचो. चार वाजले की लॅपटॉप मिटायचे आणि ती निघायची, मी शेजारी. मक्याच्या शेतांमधून सरळ जाणारे आणि मध्येच काटकोनात वळणारे रस्ते. वळण आलं की ती आधी गती उतरवायची, मग गिअर, मग हळूच गाडी वळणात सोडायची. बाहेर पडताना पुन्हा पायाखाली जोर. चालताना जी बाई माझा दंड धरून पाऊल टाकत होती, ती इथे बसली की तिच्यात आणि दुसऱ्या कुणात काही फरक उरत नसे. ती गाडीशी बोलायची. "चल गं. हां, अशी." कधी नुसतीच हसायची. मजा हा शब्द आजारी माणसाच्या घरात लोक दबकत वापरतात. पण तिला मजा येत होती, आणि शेजारी बसून मला भीती वाटत होती, आणि भीती वाटत असूनही मलाही मजा येत होती. या दोन गोष्टी एकाच वेळी एका सीटवर मावतात हे मला तेव्हाच कळलं.

आमचा मुलगा अनय टेक्सासमध्ये अर्विंगला नोकरी करतो. व्हिडिओ कॉलवर तो चिडला. "मॉम, धिस इज क्रेझी. बाबा, हाऊ आर यू ओके विथ धिस?"

"तू ये," मीनल म्हणाली, "तुला फिरवून आणते."

तो नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला येणार होता. तोवर पायाने वाट पाहिली नाही.

नोव्हेंबरातली एक सकाळ. फार्मसीतून परत येत होतो. शाळेजवळ रस्ता ओलांडून देणाऱ्या बाई हातात पाटी धरून उभ्या होत्या आणि मुलं पलीकडे जाऊन पोचली होती. मीनलने गाडी थांबवलेली होती. बाईंनी पाटी खाली घेतली, तेवढ्यात तिचा पाय क्लचवरून घसरला. गाडीने पुढे एक उडी घेतली आणि बंद पडली. कुणालाही काही झालं नाही. समोर कुणी नव्हतं. पण त्या रिकाम्या पट्ट्यावर नुकतीच मुलं होती.

मीनलने हँडब्रेक ओढला, धोक्याचे दिवे लावले, सीटचा पट्टा सोडला. दार उघडून ती उतरली आणि बॉनेटवर हात टेकत टेकत, गाडीला वळसा घालून माझ्या दारापाशी आली.

"सरक," ती म्हणाली. "आता तू."

"मला येत नाही ही."

"येईल. सरक."

मी पुन्हा पुन्हा गाडी बंद पाडली. मागे रांग लागली. त्या पाटीवाल्या बाई आल्या, खिडकीतून आमच्याकडे बघितलं, काय समजल्या कुणास ठाऊक, आणि मागच्यांना बाजूने जायला हात दाखवू लागल्या. "पहिल्यातच चल," मीनल म्हणाली, "घर येईपर्यंत पहिल्यातच." ती समोर बघत होती. इंजिन सगळा रस्ता किंचाळत होतं. घरी आल्यावर तिने त्या चाचणीवाल्या बाईंना फोन केला आणि आपण थांबलो असल्याचं सांगितलं. फोन ठेवून ती बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी दाराबाहेर उभा होतो. आतून नळाचा आवाज येत होता.

मला वाटलं, गाडीचा विषय संपला. दुसऱ्या दिवशी चार वाजता ती जॅकेट चढवायला धडपडत होती. "चल की. तुला शिकवते."

बंद पडलेल्या एका मोठ्या दुकानाच्या रिकाम्या लॉटमध्ये, वाऱ्यावर उडणाऱ्या पानांत, पन्नाशीच्या पुढचा मी क्लच शिकलो. ती फार कडक मास्तरीण होती. "पायाकडे काय बघतोस? कान दे. ओरडतंय ना ते? मग बदल." मला दोन्ही पाय आणि हात एकदम जुळवता येईनात. तेव्हा तिने डावा हात गिअरवर ठेवला. "तू फक्त क्लच दाब. गिअर मी टाकते."

पुढचे दोन महिने ती गाडी आम्ही दोघांनी मिळून चालवली. पाय माझे, गिअर तिचा. सुरुवातीला ती "क्लच" म्हणायची. मग नुसतं "हं". मग तेही लागेना. माझा पाय दाबला जायचा आणि तिचा हात हलायचा. आमचा संसार चांगला होता पण अबोल होता, दोन कामसू माणसांचा. एकमेकांचं काही ऐकायची इतकी सवय आम्हाला कधीच लागली नव्हती. थँक्सगिव्हिंगला अनय आला तेव्हा आम्ही त्याला विमानतळावरून तसंच आणलं. तो मागे बसून थोडा वेळ आमच्या हातापायांकडे बघत राहिला. मग त्याने तोंड खिडकीकडे वळवलं, ते घर येईपर्यंत.

डिसेंबरात मीठ सुरू झालं. बर्फ पडणार म्हटलं की नारिंगी ट्रक येतात आणि रस्ताभर मीठ फेकत जातात. रस्ते पांढरे, गाड्या पांढऱ्या, बुटांवर पांढरे ओघळ. जुन्या गाड्यांना हे मीठ खालून खातं. गाडीच्या चाकांवरच्या कमानीला तपकिरी फोड आलेला मी मीनलला दाखवला, तर ती म्हणाली, "आम्हा दोघींत आधी कोण झडतंय बघू."  

जानेवारीत तिसरा गिअर तिला जड जाऊ लागला. तिसरा वर ढकलावा लागतो. मूठ पोचायची, पण बोटं वळायची नाहीत. मी उजवा हात तिच्या हातावर ठेवून ढकलायचो. एकदा असं ढकलताना मला जाणवलं, खालच्या हातात काहीच नाही. मी एकटाच ढकलतोय. तिलाही ते त्याच वेळी जाणवलं असणार. तिने उजव्या हाताने आपला डावा हात उचलला, मांडीवर आणून ठेवला, आणि म्हणाली, "आता तुझं तू."

त्या ऋतूची गाडी तिथे संपली.

मग फीचर्स आली. मी ज्याचे तक्ते केले होते त्याच्या कितीतरी पट. उताराची फळी आपोआप बाहेर काढणारी व्हॅन, कारण व्हीलचेअर सेडानमध्ये जात नाही. डोक्याकडून आणि पायाकडून वर होणारा पलंग. माणसाला झोळीत घालून उचलणारी यारी. झोपेत श्वास ढकलणारं यंत्र, आणि एक यंत्र असं, की जे तिच्या वतीने खोकायचं. सगळं उत्तम चालायचं. प्रत्येकाला बटण होतं आणि प्रत्येक बटण दाबणारा मी. ती त्या गाडीसाठी का भांडली होती, हे मला शोरूममध्ये समजलं नव्हतं. त्या खोकणाऱ्या यंत्राचं बटण पहिल्यांदा दाबलं तेव्हा समजलं.

प्रसाद अजूनही विचारतो, "अरे, ती जुनी गाडी किती दिवस ठेवणार यार? सेफ्टी म्हणून तरी नवी घे." चाकांच्या कमानी आता पार गेल्या आहेत, दाराखालची पट्टी हाताने दाबली तर चुरा पडतो. त्याचं म्हणणं बरोबर आहे.  मी चहा करतो.

पुढच्या शरदात तिचा आवाज गेला. डोळ्यांनी लिहायचं यंत्र आलं. पडद्यावरच्या अक्षरावर नजर रोखली की अक्षर उमटायचं, आणि वाक्य झालं की यंत्र बोलायचं. मराठी ती रोमन अक्षरांत लिहायची आणि यंत्र ते अमेरिकन उच्चारात म्हणायचं. पहिल्यांदा तिने माझं नाव लिहिलं, तर मला ते माझं वाटेना. तिच्या डोळ्यांच्या कडा हसल्या. चेहऱ्यात तेवढंच हसणं उरलं होतं.

एका रविवारी स्मिता तिच्याजवळ बसायला आली होती. यंत्र म्हणालं, "गाडी काढ."

"व्हॅन? कुठे जायचंय?"

नजर अक्षरांवरून फिरत राहिली. वाट बघावी लागायची. "ती नाही. आपली. तू एकटा जा. हॉकिंगला."

हॉकिंग हिल्स आमच्यापासून तासा-दीड तासावर आहे. सपाट ओहायोत तेवढाच तुकडा डोंगराचा, वळणावळणांचा. ती चालवत असताना आम्हाला तिथवर जायला जमलं नव्हतं. मी गेलो. परत आलो तर ती वाट बघत होती. स्मिता म्हणाली, "तिने झोपूच दिलं नाही स्वतःला." मी रस्ता सांगितला, झाडं सांगितली, पुढे रांगणारा ट्रक सांगितला. ती ऐकत होती. मग यंत्र म्हणालं, "मोठा चढ. कुठल्या गिअरमध्ये?"

"तिसऱ्यात."

बराच वेळ नजर फिरली. "दुसरा पाहिजे होता," यंत्र म्हणालं.

स्मिता तोंडावर हात घेऊन हसली. मीही हसलो, आणि मग मला तिथे बसवेना.

त्यानंतर रस्ते कोरडे असले की रविवारी मी जायचो आणि येऊन सांगायचो. ती प्रश्न विचारायची. ब्रेक आधी मारलास की वळणात? पाय क्लचवर ठेवून तर बसला नव्हतास? मी सुधारत होतो. ती खाली चालली होती. हिवाळा सरत आला तेव्हा प्रश्नांची वाक्यं लहान झाली, मग एकेक शब्द. शेवटी घरी येणाऱ्या नर्सबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं की आता फार नाही. अनय विमानाने आला. आईच्या उशाशी बसून तिच्या केसांतून हात फिरवत राहिला.

मार्चमधला रविवार. मी जाणार नव्हतो. यंत्राने सकाळी एकच शब्द उच्चारला होता, "जा." अनय म्हणाला, "गो, बाबा. आय हॅव हर."

बर्फ वितळून रस्त्यांच्या कडांना चिखल झाला होता. डोंगरात झाडं उघडी होती. मोठा चढ आला, मी कान दिला, दुसरा टाकला. इंजिन वर चढलं, गाडी जड न होता वळणावळणाने निघाली, आणि मध्ये कुठेही मला तिला ओढून न्यावं लागलं नाही. पहिल्यांदाच मला वाटलं की मी चालवतोय.

घरी आलो. अनय उठून बाजूला झाला. मी खुर्ची जवळ ओढली आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तिचे डोळे उघडे होते. पडदा तिच्या समोरच होता, अक्षरं उजळलेली. मी थांबलो. प्रश्न येईना.

"दुसऱ्यात चढलो," मी म्हणालो.

तिने पडद्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडेच बघत राहिली, माझं बोलणं संपल्यावरसुद्धा.

मंगळवारी सकाळी ती गेली.